सतरा नंबरच्या वेळचा वारा

ओटा, तुला अजून पुरलेलं नाही. इथली जमीन हिवाळाभर इतकी कडक असते की फावडं आत जात नाही, म्हणून या दिवसांत गेलेल्या माणसांना दफनभूमीच्या कडेला असलेल्या दगडी खोलीत ठेवतात आणि बर्फ वितळला की पुरतात. इतके हिवाळे इथे काढूनही मला हे माहीत नव्हतं, कारण आजवर या गावात माझं कुणी मेलंच नव्हतं. हे कळल्यापासून माझ्या बायकोची, शरयूची झोप उडाली आहे. "आपल्याकडे माणूस गेला की त्याच दिवशी सगळं आटोपतात. याला वसंत येईपर्यंत असंच तिष्ठत ठेवणार?" ती म्हणाली. मी म्हटलं, तो उड्या मारणारा माणूस आहे, जमिनीला टेकायची त्याला कधीच घाई नव्हती. विनोद करायचा म्हणून बोललो आणि मग गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ उगाच हत्यारं लावत बसलो.

आपण दोघं इंग्रजीत बोलायचो, तुझं इंग्रजी तुझ्यासारखं आणि माझं माझ्यासारखं. त्या भाषेत तुला काय म्हणायचं हा प्रश्नच नव्हता. आज पहिल्यांदा तुझ्याशी मराठीत बोलतोय आणि सरळ 'तू' म्हणतोय. तू माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठा, माझ्या आईने हे ऐकलं असतं तर मला चांगलंच झापलं असतं. पण जो माणूस न विचारता माझा फ्रिज उघडतो आणि काल उरलेली भाजी थंडच खातो, त्याला 'तुम्ही' कसं म्हणणार? तुला मराठी येत नाही हे एका अर्थी बरं झालं. निदान मधे थांबवून चुका काढणार नाहीस.

सुपीरियर सरोवराच्या काठच्या या गावात तुझं स्कीदुरुस्तीचं दुकान होतं. मी इथल्या कॉलेजात शिकवायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात बूट घ्यायला तुझ्याकडे शिरलो. तू माझ्या पायातल्या जोड्यांकडे बघितलंस आणि म्हणालास, "यात तू मरशील." नाव विचारलं तर म्हणालास, ओटा. ओटाकारचं लाडाचं नाव. घरी येऊन मी शरयूला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली, कारण आमच्या घरात ओटा म्हणजे ज्यावर शेगडी ठेवतात तो. पुढे तू खरोखरच तिथे, शेगडीशेजारी टेकून उभा राहायचास आणि तव्यावरून थेट थालीपीठ उचलायचास. हे माझ्या आईचं ब्रांबोराक आहे, फक्त तुम्ही लोक त्यात बटाटा घालायला विसरलात, असं तू दर वेळी म्हणायचास. शरयू दर वेळी उत्तर द्यायची, "तुझी आई भाजणी घालायला विसरली."

तू एके काळी चेकोस्लोव्हाकियाचा सगळ्यात मोठा स्कीजंपर होतास, हे मला तुझ्याकडून नाही, आर्वोकडून कळलं. आर्वो आपल्या स्कीक्लबचा प्रमुख, फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांचा नातू, वर्षातून चार वाक्यं बोलणारा. त्यातलं एक त्याने तुझ्यावर खर्च केलं. तुमच्या डोंगरातल्या गावी तू सतरा नंबर छातीवर लावून अशी उडी मारली होतीस की खालच्या सपाटीवर उभे असलेले लोक मागे पळाले. त्या टेकडीवर इतक्या लांब कुणी कधी उतरलंच नव्हतं. तुझ्या नावाने पोरांनी मांजरं पाळली, बेकरीवाल्याने पाव काढला. मग एकदा ऑस्ट्रियात स्पर्धेला गेलेला तू परत गेलाच नाहीस. का, ते मी कधी विचारलं नाही आणि तू कधी सांगितलं नाहीस. आता दोन्ही राहून गेलं.

एका रविवारी स्पर्धेला माणसं कमी पडली म्हणून तू मला टेकडीवर नेलंस. उडी मारणारा उतरतो त्या उताराच्या कडेला ओळीने माणसं उभी असतात, प्रत्येकाजवळ मीटरचा आकडा लिहिलेली पाटी. ज्याच्यासमोर जंपर उतरेल त्याने हात वर करायचा, बस. मला वाटलं, इंजिनीअरला यात अवघड काय? पहिल्या तीन उड्या मी तोंड उघडं टाकून आकाशात बघत राहिलो आणि तिन्ही चुकल्या. तू खालून चढत आलास आणि माझी टोपी धरून माझं डोकं खाली वळवलंस. "हवेत सगळं जग बघतं. तू बर्फ बघ. पुढचा पाय आणि मागचा पाय, त्यांच्या बरोबर मधे." तेव्हापासून इतके हिवाळे मी त्या उतारावर उभा राहिलो आणि एकही उडी धड पाहिली नाही. मी फक्त उतरणारे पाय पाहिले.

तुझे पायही पाहिले. वयाची पन्नाशी उलटल्यावर एका सकाळी, स्पर्धा सुरू व्हायच्या आधी, उडीआधी घसरत येतात तो बर्फाचा रूळ ठीक आहे का बघायचं निमित्त काढून तू स्वतःच वर गेलास. आर्वो नको नको म्हणत होता. माझ्या कानांवरून कापड फाटल्यासारखा आवाज गेला आणि तू माझ्यापुढेच उतरलास, डावा पाय पुढे, गुडघा वाकलेला, दोन्ही हात पसरलेले. मी साठच्या पाटीपाशी हात वर केला. तू थांबून, वळून, धापा टाकत चढत आलास ते भांडायलाच. "साडेसाठ," तू म्हणालास. मी म्हटलं साठ. "तुझा चष्मा धुरकटला होता." तो होताच, पण मी पाय पाहिले होते. तू म्हणालास, मागच्या पायावरून मोजलंस. मी म्हटलं, मधून मोजलं. "प्रोफेसर लोक अर्धा मीटर खातात," असं तू सगळ्यांसमोर जाहीर केलंस.

त्या अर्ध्या मीटरने पुढे किती जेवणं खाल्ली, ओटा. दिवाळीच्या फराळाला, आमच्या मुलीच्या, मिनूच्या वाढदिवसाला, इन्कम टॅक्सच्या चर्चेतसुद्धा तो निघायचा. मी कागदावर आकृती काढून दाखवायचो आणि तू त्या आकृतीवर चहाचा कप ठेवायचास. मिनू कंटाळून म्हणायची, "ओटाकाका, इट्स हाफ अ मीटर. लेट इट गो." तू तिला म्हणायचास की सगळ्या आयुष्यात माणसाचं स्वतःचं असं अर्धा मीटरच असतं. तेव्हा मला ते नाटकी वाटलं होतं. आता वाटत नाही.

कारण त्यामागची गोष्ट तू मला फक्त एकदा सांगितलीस. दुकान बंद करून आपण स्कींना लावायचं मेण वितळवत बसलो होतो. कुठल्याशा स्पर्धेत तुझ्या देशाचा संघ आला होता, आणि त्यांचा प्रशिक्षक, तुझा जुना दोस्त, बाहेर तुला ओळख न देता बाथरूममध्ये तुझ्या मागोमाग आला. त्याने नळ पूर्ण सोडला आणि त्या आवाजात तुझ्या कानाशी सांगितलं की टेकडीवरच्या विक्रमाच्या फळ्यावर तुझं नाव पांढऱ्या रंगाने बुजवलंय, पुस्तकांतून काढलंय, आणि आता लहान मुलांना तू माहीत नाहीस. मग नळ बंद करून तो निघून गेला. तू मेणाचं भांडं हलवत म्हणालास, "मी तिथे मेलेलो आहे." मी वाद घातला. कीर्ती म्हणजे काय फळ्यावरचा रंग आहे का, असं मी माझ्या वर्गात बोलतो तशा आवाजात विचारलं. तू म्हणालास, "तू हिंदू आहेस. तुमचे मेलेले पुन्हा जन्माला येतात. आमच्याकडे पांढरा रंग दिला की संपलं." हाही वाद तसाच राहिला.

याच सुमारास मी हे गाव सोडणार होतो, हे तुला माहीत होतं. शिकत असताना स्टेट कॉलेज या गावी माझ्या खोलीत राहिलेला मित्र दक्षिणेला, वाळवंटातल्या चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत लागला होता आणि दर रविवारी फोन करायचा. "यार, कशाला तिथे बर्फ उपसतोस? इकडे ये, डिसेंबरमध्ये हाफ पँट घालून फिरतो मी." पगार दीडपट. शरयूने खोकीसुद्धा आणून ठेवली होती. तू एका शब्दाने थांब म्हणाला नाहीस. फक्त पुढच्या रविवारी साठच्या पाटीखाली लाकडाची एक छोटी फळी ठोकून ठेवलीस, माझे पाय थेट बर्फावर राहू नयेत म्हणून. खोकी अजून तळघरात आहेत. थँक यू म्हणायचं राहिलं, ते आत्ता म्हणतो.

मग यंदा प्रागहून परिषदेचं बोलावणं आलं. हवेच्या प्रवाहावर माझा निबंध होता. माझा पासपोर्ट अजून भारतीयच, त्यामुळे त्या देशाने व्हिसा फारशी खळखळ न करता दिला. मला वाटलं तू खूश होशील. तू चिडलास. गावात जाऊ नकोस म्हणालास, आणि गेलासच तर माझं नाव तोंडातून काढू नकोस, ज्याच्याशी बोलशील त्याचं नुकसान होईल. नाव न घेण्याचं तू माझ्याकडून वचन घेतलंस. निरोप काही आहे का विचारलं तर म्हणालास, "बर्फ बघ."

मी वचन पाळलं, ओटा, पण गावात गेलो. परिषदेच्या रविवारी पाहुण्यांना कुठे कुठे न्यायचं ठरलं होतं, किल्ले, काचेचे कारखाने. मी म्हटलं मला स्कीजंपिंग बघायचंय. आमची व्यवस्था बघणारी हाना नावाची तरुण संशोधक होती, ती हसायलाच लागली. भारतातून आलेला माणूस आणि स्कीजंपिंग? पण स्वतःच्या खटारा गाडीतून तिने मला नेलं. डोंगराचं नाव मीच सुचवलं, नकाशात सहज दिसल्यासारखं करून.

फळा मी पाहिला. विक्रमाचा आकडा आहे, काळ्या रंगात, दर वर्षी नवा हात मारल्यासारखा ठळक. त्याच्यापुढे पांढरा पट्टा. तिथे दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलेलं नाही. हे तुला तुझ्या मित्राने नळाच्या आवाजात सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि तुला ऐकू गेलं नसेल.

स्पर्धा सुरू झाली. सॉसेजच्या टपरीचा धूर, लोकरीच्या टोप्या, आपल्याकडच्यासारखाच उतार, कडेला ओळीने उभी माणसं. चौदा गेला, पंधरा गेला, सोळा गेला. मग वर कुणीच आलं नाही. तरीही निशाणवाल्याने उडीची खूण म्हणून निशाण खाली केलं. लाउडस्पीकरवर कुणीतरी काहीतरी बोललं आणि अख्खी गर्दी एकदम गप्प झाली. मी हानाला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "वाऱ्यासाठी थांबलेत." ओटा, वारा नव्हता. टपरीचा धूर सरळ वर चालला होता. आणि हजारो माणसं मान वर करून त्या रिकाम्या मनोऱ्याकडे, मग रिकाम्या आकाशाकडे, मग हळूहळू खाली येत बघत होती. एका बापाने खांद्यावरच्या मुलीची हनुवटी धरून तिला वर बघायला लावलं. सगळ्यांची मान एकदमच खाली येत होती, अगदी जंपर खाली येतो तेवढ्याच वेगाने.

मी तू शिकवल्याप्रमाणे बर्फाकडे बघितलं. म्हणून मला दिसलं ते बाकी पाहुण्यांना दिसलं नसतं. उतार संपून सपाटी सुरू होते तिथे, इतर मोजणाऱ्यांच्या कितीतरी खाली, एक म्हातारा एकटाच उभा होता. सकाळपासून त्याच्यासमोर कुणीच उतरलं नव्हतं, मला तो तिथे का उभा आहे तेच कळत नव्हतं. त्याने हात वर केला. छान सरळ, कानाला लागून. काही क्षण तसाच धरला आणि खाली घेतला. मग लाउडस्पीकर खरखरला आणि अठरा नंबरने उडी मारली.

सतरा कोण होता, मी विचारलं. हाना दुसरीकडे बघत म्हणाली, "सतरा नंबरचा कपडा फाटलाय. दर वर्षी फाटलेलाच असतो. कुणी शिवत नाही." आणि हळूच, "प्लीज, आपण लोकांत उभे आहोत."

तर सांगायचं ते हे आहे. तुला कुणी विसरलेलं नाही. नाव घेता येत नाही म्हणून त्यांनी तुझ्यासाठी वारा ठेवलाय. पोरांना तुझं नाव माहीत नसेल कदाचित, पण कुठे बघायचं ते माहीत आहे. आपल्या वादात मी जिंकलो होतो, ओटा, सरळ सरळ जिंकलो होतो, आणि मला ते तुझ्या तोंडावर सांगायचं होतं.

स्पर्धा संपल्यावर मी त्या म्हाताऱ्याकडे गेलो. भाषा नाही. मी हात वर करून दाखवला, मग डोळ्याकडे बोट, मग बुटांकडे. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "अमेरिका?" मी मान हलवली. नाव तू घेऊ दिलं नव्हतंस, आणि त्यानेही घेतलं नाही. त्याने एकच शब्द विचारला. हानाने जमिनीकडे बघत भाषांतर केलं. "ते विचारतायत, जिवंत आहे का?"

मी म्हटलं, हो.

म्हाताऱ्याने हातमोजा काढला, माझा हात हातात घेतला आणि सोडला. मग तो पाट्या गोळा करायला गेला.

परत येताना फ्रँकफर्टच्या विमानतळावरून मी तुला फोन लावला. शरयूला काय, घरी पोचल्यावर सांगेन. फोन वाजत राहिला. मला वाटलं तू टेकडीवर असशील, आडवी पावलं टाकत बर्फ दाबत असशील, तुझं नेहमीचं. तुझ्या रिकाम्या घरात तो फोन वाजत असलेला मला आता रोज ऐकू येतो. शिकवताना मधेच ऐकू येतो, पोरं बघत राहतात. काल दुकानावरून जाताना आतून मेणाचा वास आला आणि मी काचेला नाक लावून उभा राहिलो. आत तुझी आरी टांगलेली होती आणि ती किंचित हलत होती. ट्रक गेला असेल रस्त्यावरून.

विमानतळावर शरयू मला घ्यायला आली आणि काही बोलेना, तेव्हाच मला कळलं. आर्वोला तू उतारावर सापडलास, त्याच रविवारी. पहाटेच टेकडीवर गेला होतास. तिथली दुपार म्हणजे इथली सकाळ. मी म्हाताऱ्याला हो म्हणालो तेव्हा तू होतास की नव्हतास? आर्वोला विचारलं, डॉक्टरला विचारलं, नेमकं कुणालाच सांगता येत नाही. मी आयुष्यभर मोजण्यावर पोट भरलं आणि हे एवढं मोजता येत नाही. शरयू म्हणते, "तू खोटं बोलला नाहीस, तुला जे माहीत होतं ते सांगितलंस." ते ठीक आहे. पण त्या गावात आज सगळ्यांना कानोकान कळलं असेल की तू जिवंत आहेस, माझ्या शब्दावर. ते मी खोडणार नाही. खोडायला नाव घ्यावं लागेल, आणि मी वचन दिलंय.

परवाच्या रविवारी आपल्याकडे स्पर्धा होती. बंद करावी असं कुणी म्हटलं नाही, तुला ते आवडलं नसतं. आदल्या दिवशी मी आर्वोकडे जाऊन सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग नंबरांचे कपडे दोरीवर वाळत होते तिथे गेला, सतरा काढला, दोन्ही हातांनी धरून उभा टरकावला आणि खिशात घातला.

सोळा गेला. मग वर कुणी आलं नाही. आर्वोने निशाण खाली केलं. माझ्या मिनूने, क्लबने मायक्रोफोन तिच्या हातात दिला होता, इंग्रजीत सांगितलं की आम्ही वाऱ्यासाठी थांबलो आहोत. सरोवरावरून रोज कान कापणारा वारा त्या सकाळी नेमका पडलेला होता. आपलं गाव छोटं, शंभरदोनशे माणसं, त्यातल्या निम्म्यांना काही ठाऊक नव्हतं, पण बाकीच्यांचं बघून तेही वर बघायला लागले.

मी वर बघितलं नाही. तू ठोकलेल्या फळीवर उभा होतो. मी चष्मा काढला, ओटा, दोन्ही बाजूंनी नीट पुसला, घातला, आणि बर्फाकडे बघत राहिलो. मग साठच्या पाटीपाशी हात वर केला. साठ. साडेसाठ नाही. खांदा दुखेपर्यंत हात वर ठेवला. मान्य नसेल तर चढत ये आणि भांड.